पोरांचा पहिला बास गिटार: वाढत्या अंगाचा घेऊ नका

आमच्याकडे हे सगळं सुरू झालं सोसायटीच्या गणपतीत. कॉलेजच्या पोरांचा एक बँड बोलावला होता, सगळी बच्चेकंपनी गाणाऱ्या मुलाकडे बघत होती आणि माझी लेक, तेव्हा नऊ वर्षांची, ती मोठ्या काळ्या स्पीकरच्या शेजारी जाऊन पोटावर हात ठेवून उभी. घरी आल्यावर म्हणाली आई, ते जे पोटात वाजत होतं ना, ते मला शिकायचंय. शोध घेतला तेव्हा कळलं की ते म्हणजे बास गिटार. आजीला सांगितलं हिला बास शिकायचाय, तर आजी म्हणाली बास कशाला, शिकू दे की अजून!

पुढच्या दोन वर्षांत मी यात बऱ्याच चुका केल्या आणि बरंच शिकले, मला स्वतःला वाजवता येत नाही पण आता दुकानात उभं राहून काय बघायचं हे नक्की कळतं. मराठीत याबद्दल आईबापांसाठी फारसं काही सापडलं नाही तेव्हा, म्हणून क्रमाने लिहितेय. घाईत असाल तर निदान मापाचा आणि सोबतीचा भाग वाचा, कारण तिथेच सगळं अडतं.

आधी खात्री करा की पोराला बासच हवाय

बऱ्याच मुलांना बास आणि साधा गिटार यातला फरक माहीत नसतो, आणि आपल्यालाही नसतो. बासला सहसा चार तारा असतात, जाड, आणि त्या गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच लावलेल्या असतात, फक्त एक सप्तक खाली. गाण्यात बास काढला तर पटकन कोणाला सांगता येत नाही काय गेलं, पण गाणं पोकळ वाटतं. तबल्यातला डग्गा काढून नुसती चाट वाजवत राहिलात तर जसं होईल तसं काहीसं.

आणि इथे एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली: मोबाईलच्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही. बासची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि एवढासा फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे घरी सगळे फोनवर गाणी ऐकत असतील तर मुलाला जे आवडलंय ते तुम्हाला ऐकूच येत नसतं, आणि आपण म्हणतो त्यात काय एवढं. बरे हेडफोन लावा, मुलाच्या आवडीचं एखादं गाणं लावा आणि त्याला म्हणा आता फक्त खालचा आवाज गुणगुणून दाखव. ज्या मुलाला बासची ओढ आहे ते ती ओळ बरोबर पकडतं, सुरात नसेल कदाचित पण पकडतं. ज्याला खरं तर गिटार हवा आहे ते मूल वरची चाल गातं. पक्की परीक्षा नाही ही, पण आम्हाला खूप उपयोगी पडली.

अजून एक, "आधी दोन वर्षं गिटार शिकू दे मग बास" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. काही गरज नाही. हात वेगळा, काम वेगळं, आणि ज्या मुलाला खालचा आवाज आवडलाय त्याला दोन वर्षं दुसरंच काहीतरी करायला लावलं तर ती आवड टिकेलच असं नाही. मुंबईच्या मोहिनी डेचं नाव बासच्या दुनियेत जगभर घेतात, तिचे वडील सुजॉय डे स्वतः बासवादक, ती लहानपणी घरातच त्यांच्याकडे बास शिकली आणि विशीच्या आधीच ए. आर. रहमान, रणजित बारोट यांच्यासोबत वाजवत होती. आपली मुलं मोहिनी डे व्हावीत असं अजिबात म्हणत नाहीये मी, फक्त बासपासून सुरुवात करता येते एवढंच सांगतेय.

माप, माप आणि माप

आम्ही पहिला बास घेतला तो पूर्ण मापाचा. दुकानदाराने मला सांगितलं मॅडम मूल वाढणारच आहे, आत्ताच मोठा घ्या म्हणजे परत खर्च नको. आणि मला ते पटलं, कारण आपल्याकडे शाळेचा युनिफॉर्म असो की चप्पल, सगळं वाढत्या अंगाचंच घेतो आपण. पोरीने सहा आठवडे नेटाने प्रयत्न केला, मग मनगट दुखायला लागलं, मग बास कपाटाच्या मागे गेला, आणि मी तिला म्हणाले हट्ट करून घेतलास ना, आता वाजव. ते वाक्य मला आजही लागतं. तिची चूक नव्हतीच, वाद्य तिच्या हाताचं नव्हतं, मग दुसरा, छोटा बास घ्यावा लागला.

तर मापाचं गणित असं. बासमध्ये "स्केल" म्हणजे तारेची वाजणारी लांबी, वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा वर आणि खाली जिथे टेकतात त्या दोन पट्ट्यांच्या मधली. नेहमीच्या बासचं स्केल ३४ इंच असतं. हे माप रूढ झालं ते कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बासपासून, त्याआधी बँडवाले माणसाएवढा उभा डबल बास वाजवायचे ज्याला फ्रेटच नसतात, म्हणजे सतारीला पडदे असतात तसे पडदे नाहीत, सगळा अंदाज बोटांचा. फेंडरने फ्रेट घातले, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. पण ते ३४ इंच मोठ्या माणसाच्या हाताला बेतलेलं माप आहे. पहिल्या फ्रेटकडे दोन फ्रेटमधलं अंतर जवळजवळ दोन इंच असतं. नऊ वर्षांच्या मुलाचा पंजा तिथे ताणून बघा म्हणजे कळेल.

३० इंचाच्या आसपासचा तो शॉर्ट स्केल, आणि मुलांसाठी मुद्दाम केलेले त्याहून छोटे २८.६ इंचाचेही मिळतात, आयबानेझचा मिक्रो आणि स्क्वायरचा मिनी पी बास हे दोन्ही त्या मापाचे. शॉर्ट स्केल म्हणजे खेळणं नाही हे घरातल्या मोठ्यांना ठणकावून सांगा. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनरमुळे ओळखला जातो तो ३० इंचीच आहे, १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, आणि त्याच्यावर वाजवलेलं जगाने ऐकलंय.

वय काय असावं याचं उत्तर वर्षांत देता येत नाही, हात बघावा लागतो. माझा ढोबळ अंदाज असा: आठ-नऊ ते अकरा-बारापर्यंत २८ किंवा ३० इंच, तेरा-चौदाचं उंच मूल असेल तर ३४ हातात देऊन बघायला हरकत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला खरंच खूप ओढ असेल तर युकेलेले बास नावाचा प्रकार असतो, स्केल जेमतेम २०-२१ इंच, तारा जाड रबरासारख्या मऊ, आणि आवाज मात्र खरंच खाली जातो. किंवा मग अमेरिकन बासवादक व्हिक्टर वूटेनच्या घरी झालं तसं करा. पाच भावांतला हा सगळ्यात धाकटा, भावांच्या बँडला बास वाजवणारा हवा होता, तर मोठा भाऊ रेजीने आपल्या एका गिटारच्या दोन तारा काढल्या आणि उरलेल्या चार तारांवर या चिमुकल्याला शिकवायला सुरुवात केली. घरात कोणाचा पडून असलेला छोटा गिटार असेल तर वरच्या दोन बारीक तारा काढून टाका, झालं, सहा महिने त्यावर काढता येतात आणि आवड खरी आहे का तेही कळतं.

मोजायची पद्धत सांगते. मुलाला खुर्चीत बसवा, बास मांडीवर, डावा हात पहिल्या फ्रेटवर. तर्जनी पहिल्या फ्रेटवर आणि करंगळी तिसऱ्या फ्रेटवर मनगट न मुडपता पोचली पाहिजे. चौथ्यापर्यंत पोचण्याचा हट्ट नको, कारण बासला पहिली, दुसरी आणि चौथी बोटं वापरून तीन फ्रेट झाकायची जुनी पद्धत आहे, डबल बासवाल्यांकडून आलेली, लहान हातांना तीच बरी पडते. मग पट्टा लावून उभं करा आणि पाच मिनिटं तसंच उभं ठेवा, गप्पा मारा तोपर्यंत. पूर्ण मापाचा बास चार किलोच्या आसपास भरतो, शाळेचं दप्तर एका खांद्यावर अडकवल्यासारखं. पाच मिनिटांत मूल खांदा वाकडा करायला लागलं तर तो बास त्याचा नाही, रंग कितीही आवडलेला असो.

हेही बघा की दोन्ही हात सोडल्यावर बासचं डोकं खाली जातं का. काही बासचं अंग हलकं आणि डोकं जड असतं, मग मूल दिवसभर डाव्या हाताने नेक, म्हणजे बासची लांब दांडी, तोलून धरत बसतं आणि वाजवायचं राहतं. रुंद आणि आतून खरखरीत पट्टा घेतला की थोडा फरक पडतो.

कुठला घ्यायचा

यात मी फार वेळ घालवणार नाही. चार तारांचाच घ्या, पाच-सहा तारांचे बघायला भारी दिसतात पण नेक रुंद होतो. पॅसिव्ह घ्या, म्हणजे ज्याला बॅटरी लागत नाही तो. ॲक्टिव्ह बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि मूल केबल खोचलेलीच ठेवून झोपायला गेलं की बॅटरी उतरते, मग ऐन क्लासच्या दिवशी आवाज नाही.

वर सांगितलेले दोन, शिवाय स्क्वायरचा ब्रॉन्को आणि आयबानेझचा टॅलमन, हे दोन्ही ३० इंची, एवढ्यांपैकी जो दुकानात हातात धरून बघता येईल तो घ्या. मी चौकशी केली तेव्हा नवा ब्रँडेड शॉर्ट स्केल साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या मधे बसत होता, किमती सारख्या बदलतात म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. मुंबईत धोबीतलावचं फुर्टाडोज १८६५ पासूनचं दुकान आहे, त्यांच्या बाकी शहरांतही शाखा आहेत, पण शॉर्ट स्केल प्रत्येक दुकानात ठेवलेला नसतो, त्यामुळे जायच्या आधी फोन करून नेमकं "तीस इंची किंवा त्याहून छोटा" असं विचारा. नुसतं "लहान मुलांचा बास आहे का" विचारलंत तर हो म्हणून सांगतात आणि गेल्यावर ३४ समोर ठेवतात.

मूल डावखुरं असेल तर? डावखुरा बास मिळणं अवघड आणि शॉर्ट स्केलमध्ये आणखी अवघड. हातात काही न देता त्याला हवेत बास वाजवून दाखव म्हणा, दोन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी. नेहमी उलटाच धरत असेल तर ऑर्डर देऊन डावखुराच मागवा, मॅकार्टनीही डावखुराच. कधी असा कधी तसा धरत असेल तर उजवा चालेल. जबरदस्ती मात्र नको, पूर्वी शाळेत डाव्या हाताने लिहिणाऱ्यांचं काय करायचे ते आठवा.

जुना घ्यायचा तर जरूर घ्या, बरेच बास वर्षभरात कपाटामागे जातात आणि मग निम्म्या किमतीत निघतात. फक्त सोबत कोणीतरी वाजवणारा न्या.

दुकानात काय तपासायचं

हे सगळं न वाजवता येणाऱ्या आईबापांनाही जमतं, मी करते म्हणजे कोणीही करेल.

नेकच्या कडेवरून तळहात हळूच वरून खाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर सांगा घासून द्या म्हणून. नागपूर-संभाजीनगरकडे कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि ही टोकं आणखी बाहेर येतात, मुलाचा हात कापतो अक्षरशः. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि जिथे नेक अंगाला जोडलेली असते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधे किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असावी. फटच नाही किंवा फार मोठी आहे तर नेक वाकलेली आहे, आतली ट्रस रॉड नावाची सळी फिरवून ती सरळ करता येते पण ते दुकानातल्या कारागिरालाच करू द्या.

मग प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार एकेकदा वाजवायला सांगा. हो, प्रत्येक. वीस फ्रेट, चार तारा, पाच मिनिटांचं काम आहे. कुठे तार खरखरली किंवा सूर मेला तर लिहून ठेवा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा, दोन-अडीच मिलिमीटर बरी, चार-पाच असेल तर लहान बोटांनी दाबणं म्हणजे शिक्षा. खुंट्या फिरवून बघा, फिरवताना कुठे अडकते का सैल पडते का. केबल खोचून हलवा, खर्र खर्र आवाज आला तर सॉकेट सैल. आवाजाची बटणं फिरवताना खरखर झाली तर एवढं घाबरू नका, धूळ असते, स्प्रेने जाते.

आणि हे सगळं झाल्यावर "सेटअप करून द्या" हे तीन शब्द म्हणा. सेटअप म्हणजे नेक सरळ करणं, तारांची उंची बसवणं, सूर बाराव्या फ्रेटवर बरोबर लागतोय का ते ब्रिजवरून जुळवणं. खोक्यातून काढलेला नवा बास सहसा तसाच मुलाच्या हातात देण्यासारखा नसतो. काही दुकानं फुकट करतात, काही पैसे घेतात, पैसे घेतले तरी द्या. मी तर म्हणेन पाच हजाराने स्वस्त बास घ्या पण सेटअप करून घ्या. तारा बदलायच्या असतील तर त्याच वेळी पातळ गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या घ्या, .०४० ते .०९५ इंचाचा सेट, आणि शॉर्ट स्केलसाठीच्या वेगळ्या मिळतात त्याच घ्या, मोठ्या बासच्या तारा कापून बसवल्या तर जाड भागच खुंटीला गुंडाळला जातो आणि तार तुटते किंवा सूर धरत नाही.

अँप आणि शेजारी

बास नुसता वाजवला तर पुटपुटल्यासारखा ऐकू येतो, त्यामुळे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, लागतोच, पण पहिल्याच दिवशी मोठा अँप लागत नाही. सुरुवातीला हेडफोन अँप म्हणून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते, ती सरळ बासच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि तिला हेडफोन लावायचा. बासचीच घ्या, गिटारची वेगळी असते. आवाज कमी ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितलीय आणि मुलं आपणहून कधी आवाज कमी करत नाहीत.

पण फक्त हेडफोनवर ठेवू नका. बासची मजा ती पोटात वाजते यात आहे, माझी लेक त्यासाठीच तर आली याच्याकडे. १५-२५ वॉटचा, आठ इंची स्पीकरचा छोटा बास अँप घरापुरता भरपूर. घरातल्या गिटार अँपवर अगदी हळू आवाजात चालून जातं, मोठा केला तर स्पीकर फाटू शकतो. अँप जमिनीवर ठेवू नका, खालच्या आवाजाची धडधड स्लॅबमधून खालच्या घरात जाते, खुर्चीवर किंवा चार घड्या घातलेल्या सतरंजीवर ठेवा. आणि खालच्या काकूंना आधीच जाऊन सांगा की संध्याकाळी सहा ते साडेसहा वाजवणार आहे, त्रास झाला तर फोन करा. आमच्या खालच्या काकू आता कधी वाजवलं नाही तर विचारतात, बरं नाही का तिला.

सूर जुळवायचा ट्यूनर क्लिपवाला घ्या जो बासच्या डोक्याला चिमटा लावून बसतो. फोनमधल्या ॲपना सगळ्यात खालची तार बऱ्याचदा नीट पकडता येत नाही. अडलंच तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, सप्तक वरचा स्वच्छ आवाज येतो, तो ॲप पकडतं.

पहिले तीन महिने, म्हणजे खरं काम

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गिटार, पेटी, की-बोर्ड यांवर मूल एकटं बसून गाणं वाजवू शकतं, पाहुणे आले की वाजवून दाखवतं, सगळे टाळ्या वाजवतात. बासवर एकट्याने वाजवलं तर डुम डुम डुम एवढंच ऐकू येतं आणि मामा विचारतो हे कुठलं गाणं आहे. पहिल्या बासच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच झालं, मापाबरोबर हेही होतं, ती खोलीत एकटी डुम डुम करत बसायची आणि आम्ही बाहेर टीव्ही बघायचो. बासला सोबत लागते. ती सोबत सुरुवातीला आईबापांनाच द्यावी लागते, वाजवता येत असो वा नसो.

कशी द्यायची? तुम्ही गा. बेसूर गा, चालतं. टाळ्या वाजवा, ताटावर चमचा वाजवा. फोनवर तबल्याचं ॲप असतं त्यावर दादरा किंवा केरवा अगदी संथ लावा आणि मुलाला सांगा फक्त समेवर एक सूर वाजव, बाकी काही नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, दहा मिनिटं न चुकता वाजवून बघा. तबला शिकलेल्या मुलांना हे चटकन जमतं, माझ्या लेकीची दोन वर्षं तबल्याची वाया गेली असं नातेवाईक म्हणायचे, तीच तिच्या सगळ्यात जास्त कामाला आली.

ज्या घरात पेटी आहे त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. बासच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा असतात, म्हणजेच पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक तार तिच्या आधीच्या तारेचा शुद्ध मध्यम. हे एकदा कळलं की सगळा बास उलगडतो: कुठल्याही तारेवर सा धरा, शेजारच्या बारीक तारेवर त्याच फ्रेटला म, दोन फ्रेट पुढे प, आणि त्याच्याही पलीकडच्या तारेवर, सापासून दोनच फ्रेट पुढे, वरचा सा. उलट शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला मंद्र पंचम. ही आकृती कुठेही सरकवा, बदलत नाही. पेटीवर काळी-पांढरी बदलली की बोटं बदलतात, इथे हात फक्त सरकतो. मुलांना हे शोधल्याचा इतका आनंद होतो की तासभर सा-म-प-सा करत बसतात.

वेळेचं म्हणाल तर रोज दहा-पंधरा मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नको. बास स्टँडवर हॉलमध्ये ठेवा, बॅगेत भरून ठेवला की संपलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बोटांची टोकं दुखतात, लाल होतात, ते ठीक आहे, कातडी घट्ट होते. मनगट, कोपर, खांदा दुखला तर मात्र तिथेच थांबवायचं आणि माप, पट्टा, बसण्याची पद्धत परत बघायची. "सहन कर थोडं" असं कधीही म्हणू नका.

शिक्षक शोधताना विचारा की तुम्ही स्वतः बास वाजवता का, की गिटार शिकवता आणि बासही घेता. दुसऱ्या प्रकारचेही चांगले असतात पण पहिल्या प्रकारचे मिळाले तर सोडू नका. मुंबईत वांद्रे, वसई, आणि गोव्यात तर विचारायलाच नको, चर्चच्या आणि लग्नाच्या बँडमध्ये वर्षानुवर्षं बास वाजवलेली माणसं आहेत, त्यातली कितीतरी जाहिरात न करता घरी शिकवतात, चौकशी करूनच सापडतात. छोट्या गावात असाल तर आठवड्याला एकदा ऑनलाइन चालेल, फक्त कॅमेरा डाव्या हाताचं मनगट दिसेल असा लावा.

परीक्षांबद्दल विचारतात लोक. ट्रिनिटीच्या आणि रॉकस्कूलच्या बासच्या ग्रेड परीक्षा भारतात देता येतात, अगदी सुरुवातीच्या पातळीपासून आठव्या ग्रेडपर्यंत. ज्या मुलाला परीक्षेने हुरूप येतो त्याला द्या. आम्ही पहिलं वर्षभर नाव काढलं नाही, त्याऐवजी शेजारच्या विंगमधला एक की-बोर्डवाला मुलगा आणि कॅहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका, वाजवणारी त्याची बहीण अशा दोघांना दर शनिवारी घरी बोलावलं, भेळ केली, आणि तिघांना खोलीत सोडून दिलं. त्या शनिवारांनी जे केलं ते मला क्लासची कितीही फी भरून मिळालं नसतं. आणि हो, त्या वेळात दार उघडून सूचना द्यायच्या नाहीत.

पावसाळा

ठाणे-मुंबई-कोकणात जूनपासून बास भिंतीला टेकवून ठेवू नका, विशेषतः ओल येणाऱ्या भिंतीला. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिना-दीड महिन्याने बदला. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसायच्या, हे काम मुलाचंच, वाजवण्याइतकंच ते वाजवण्यात धरायचं. तारा गंजल्या की बोटं काळी होतात आणि आवाज बसतो, बासचा सेट गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग असतो म्हणून पुसलेलं परवडतं. पाऊस संपल्यावर नेक थोडी हललेली असते, ऑक्टोबरमध्ये एकदा सेटअप करून घ्या.

मग पुढे

दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत आरतीला पेटीवाल्या काकांनी काळी एक धरली. लेकीने विचारलं काका सा कुठला, मग ए तारेवर चौथा फ्रेट दाबला, खाली ई तारेवर चौथ्यालाच मंद्र पंचम, आणि सगळी आरती फक्त या दोन सुरांवर वाजवली, झांजांच्या गदारोळात. कोणी वळून बघितलं नाही. काकांनी मात्र आरती संपल्यावर तिला सांगितलं, उद्या पण ये, आज पेटी वाजवायला बरं वाटलं.

ती आता अकरा पूर्ण आहे, करंगळी चौथ्या फ्रेटवर आरामात पोचते, आणि कपाटामागचा तो ३४ इंची बाहेर काढून आठवड्यातून एखाददा मांडीवर घेऊन बघते. अजून पंधरा मिनिटांनी खाली ठेवते, मी काही बोलत नाही. छोटा बास तिच्या हाताला लहान पडला की विकायचा नाही असं तिने आधीच सांगून ठेवलंय, कॅहोनवाल्या मैत्रिणीचा आठ वर्षांचा चुलतभाऊ हल्ली शनिवारी येऊन अँपसमोर मांडी घालून बसतो.